बजेट ठरलेलं, अपेक्षा पाच: कॅमेरा घेताना कशावर पाणी सोडू?

गवतफुला

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं दादाचा जुना कॅमेरा वापरते आहे. एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरचा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स. आता त्याला तो परत हवाय, म्हणजे स्वतःचा घ्यायची वेळ आली. पैसे बाजूला काढून ठेवलेत आणि त्यात आणखी भर पडणार नाही, हे नक्की. आकडा मुद्दामच लिहीत नाही. आकडा दिला की सगळे मॉडेलची नावं सुचवायला लागतात आणि माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. एवढंच सांगते की या पैशांत एक मध्यम प्रतीची नवी बॉडी आणि एक बरी लेन्स येईल, किंवा नुसती फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी येईल आणि लेन्ससाठी हातात काही उरणार नाही.

काय काय काढायचंय? लेक नाच शिकते, तिचे मंचावरचे फोटो. तळ्यावरचे पक्षी. फुलांवरचे किडे. प्रवासातले डोंगर. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे, हे सगळ्यात मनापासून.

दादाला यादी वाचून दाखवली तर तो म्हणाला, "हे पाच कॅमेऱ्यांचं काम आहे." मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. यातलं काय सोडायचं हे तुम्ही कसं ठरवलंत? पैसे बॉडीत घालायचे की लेन्समध्ये? वापरलेलं घ्यावं का? अनुभव सांगा, फसलेले असतील तर तेही.

आकाशमोगरा

लेन्स. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स पंधरा वर्षं साथ देते.

सरळरेषा

माझं मत वेगळं आहे. आणखी सहा महिने थांबा, थोडी भर घाला आणि थेट फुल फ्रेम घ्या. मी आधी छोट्या सेन्सरचा घेतला, त्याच्या तीन लेन्स घेतल्या, मग फुल फ्रेमवर आलो तेव्हा त्या तिन्ही विकाव्या लागल्या. दोनदा खर्च झाला. शेवटी जिथे जायचंच आहे तिथे पहिल्यांदाच जावं.

गवतफुला

सरळरेषा, भर पडणार नाही हे वर लिहिलंय, ते खरंच तसं आहे. आणि लेक यंदा नाचते आहे. सहा महिने थांबले तर तो नाच निघून जाईल.

तिपाई

गवतफुला, एक काम करा. मंचावरचा एखादा फसलेला फोटो उघडा आणि त्याची माहिती इथे द्या. शटरचा वेग, ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं होतं), आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता), फोकल लेंग्थ (लेन्स लांबचं किती मोठं दाखवते). काय फसलंय तेही लिहा.

गवतफुला

आत्ताच उघडला. १/६०, एफ/५.६, आयएसओ ३२००, ५५ मिमी. गिरकीचा क्षण आहे. पाय स्थिर, घुंगरू एकेक मोजता येतील असे, पण हात नुसते पांढरे पट्टे आणि चेहऱ्याला दोन-दोन कडा. असे ढिगाने आहेत.

तिपाई

हे उत्तम उदाहरण मिळालं. आता हिशोब करू.

गिरकी गोठवायची तर १/५०० तरी हवं. तुम्ही १/६०वर आहात. म्हणजे साधारण तीन स्टॉप प्रकाश कमी पडतोय. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, तीन म्हणजे आठपट. आता हा आठपट प्रकाश कुठून आणायचा?

पहिला रस्ता फुल फ्रेमचा. ३६ × २४ मिमीचा सेन्सर, तुमचा आहे सुमारे २३.५ × १५.६. क्षेत्रफळ जवळपास २.३५ पट. त्याच ॲपर्चरला तेवढा जास्त प्रकाश गोळा होतो, म्हणजे सव्वा स्टॉपच्या आसपास फायदा. चांगला आहे, पण तीन स्टॉप नाही. शिवाय मोठ्या सेन्सरवर ५५ मिमीला लेक आणखी लहान दिसणार, म्हणजे लांब लेन्स पुन्हा घ्यावीच लागेल.

दुसरा रस्ता एफ/१.८ची लेन्स. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग, साडेनऊच्या वर येतो. म्हणजे तीन स्टॉपहून अधिक. तोच कॅमेरा, तोच आयएसओ, तोच मंच, आणि १/६०चं थेट १/५००.

म्हणून तुमच्या या फोटोसाठी बॉडीवर खर्च केलेला पैसा लेन्सवर खर्च केलेल्या पैशाच्या निम्मंही काम करणार नाही. ५० मिमी एफ/१.८ ही बहुतेक कंपन्यांची सगळ्यात स्वस्त प्राइम (झूम न होणारी) लेन्स असते, हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे.

सरळरेषा

हिशोब बरोबर आहे, पण एफ/१.८ला फोकसची खोली किती पातळ होते तेही सांगा. चार मुली मागे-पुढे नाचत असतील तर एकच धारदार येईल. आणि जुन्या बॉडीचा ऑटोफोकस गिरकीत मागे राहतो. नव्या बॉडी डोळा ओळखून त्याच्या मागे धावतात, तो फरक लेन्सने भरून निघत नाही.

तिपाई

दोन्ही मुद्दे मान्य. समूहनृत्याला एफ/२.८वर या आणि आयएसओ ६४०० करा, जेमतेम जमतं. ऑटोफोकसबद्दल तर पूर्ण सहमत. बॉडीवर पैसे घालायचेच असतील तर ते मेगापिक्सेलसाठी नकोत, फोकससाठी घाला.

भिंगरी

फ्लॅश नाही का चालणार? फ्लॅश तर लेन्सपेक्षा स्वस्त असतो.

आकाशमोगरा

मंचावर नाही. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा प्रकाश चौथा हिस्सा उरतो, पंधरा मीटरवर पोचेपर्यंत पुढच्या रांगेतल्या लोकांची डोकीच उजळतात. आणि नाचणाऱ्या मुलांच्या डोळ्यांवर तो मारणं चांगलंही नाही. घरात मात्र पांढऱ्या छतावर फ्लॅश उलटा फिरवून मारला की खोलीभर जो मऊ उजेड पसरतो त्याला तोड नाही.

अंजन

पक्ष्यांबद्दल मी लिहितो, कारण त्यात माझी बारा वर्षं गेली आहेत आणि त्यावर माझा फार जीव आहे.

पक्षी हा विषय बाकीच्या चारांसारखा नाही. तो अख्खं बजेट खातो. २५० मिमीची झूम एपीएस-सीवर ३७५ मिमीसारखी दिसते, ऐकायला मोठी वाटते. पण वीस मीटरवरचा खंड्या त्या फ्रेममध्ये एक छोटासा ठिपका असतो. फोकल लेंग्थ दुप्पट केली की त्याच पक्ष्यावर चौपट पिक्सेल पडतात. अंतर निम्मं केलं तरी तेवढेच, चौपट. म्हणून मी नव्यांना सांगतो, आधी जवळ जायला शिका. पाण्याच्या काठाला आडवे पडा, अर्धा तास हलू नका, पक्षी तुमच्याकडे येतो. मी २५० मिमीवर धीवराचे असे फोटो काढलेत की पापणीची कडा दिसते, आणि ते एका जागी तीन-तीन तास बसून.

तरीही खरं सांगायचं तर पुढे ६०० मिमीचा मोह होतोच. त्या झूम दोन किलोच्या घरातल्या असतात. त्यांना मग तसा ट्रायपॉड लागतो, त्या ट्रायपॉडला तसं डोकं लागतं, मोठी पिशवी लागते, आणि पहाटे चारला उठायची तयारी लागते. ते सगळं तुमच्या आयुष्यात बसतंय का, ते बघा.

आणि एक विनंती. दोन वर्षांचे फोटो तुमच्याकडे आहेतच. एकदा बसून मोजा. कोणत्या विषयाचे किती काढलेत, त्यातले किती ठेवलेत, फसलेले का फसलेत. हलले, काळोख होता, लांब होतं की फोकस चुकला. आम्ही इथे कितीही सांगितलं तरी तुमच्याच फोटोंमधून जे उत्तर येईल ते जास्त खरं.

गवतफुला

अंजन, हे मला सुचलंच नव्हतं. या शनिवार-रविवारी बसते.

भिंगरी

फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने जवळजवळ सगळं आयुष्य लायका कॅमेरा आणि ५० मिमी लेन्सवर काढलं. एका लेन्सने एवढं होऊ शकतं, तर पाच विषयांसाठी पाच लेन्सची गरज काय?

अंजन

भिंगरी, त्यांचा विषय माणसं आणि रस्ते. त्यांना माणसाजवळ जाता येत होतं. ते उदाहरण धीवराला लावू नका, तो ५० मिमीला कधीच भीक घालणार नाही.

भिंगरी

मान्य. माणसांपुरतं लावते.

धूळपाटी

वापरलेलं घ्यावं का, याला माझं उत्तर ठाम हो आहे, पण हातात घेऊन पाहिल्याशिवाय नाही. माझा अनुभव सांगते.

एक ८५ मिमी लेन्स फोटो पाहून घेतली. वरून नव्यासारखी, रिंग लोण्यासारखी फिरत होती. घरी आल्यावर रात्री खोलीतला दिवा बंद केला, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च लावला आणि पुढून तिरकं पाहिलं. आतल्या भिंगाच्या कडेपासून मधोमध सरकत आलेली पांढरी जाळी. कोळ्याचं जाळं दवात दिसतं ना, तशी, बारीक बारीक फांद्या फुटलेली. बुरशी. त्या क्षणी पोटात गोळा आला. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही. दुरुस्ती करणाऱ्याने लेन्स उघडून भिंग पुसलं, बुरशी गेली, पण तिने भिंगावरचं कोटिंग जिथे खाल्लं होतं तिथले डाग राहिले. दिवा समोर आला की आजही फोटोवर धुरकट पडदा येतो.

तेव्हापासून मी टॉर्च घेऊनच जाते. लेन्स दोन्ही टोकांनी, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून बघायची. पात्यांवर तेलाचा ओला डाग नको. बॉडी असेल तर एफ/१६ला पांढऱ्या भिंतीचा फोटो, फोकस मुद्दाम बिघडवून. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी उठून दिसते. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. कार्डाच्या खाचेतल्या पिना वाकलेल्या नाहीत ना ते बघा, बॅटरी फुगलेली नाही ना ते बघा, आणि बिलावरचा क्रमांक बॉडीवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. एवढं सगळं बघायला वीस मिनिटं लागतात. विकणारा ती वीस मिनिटं द्यायला कुरकुरला तर उठून यायचं.

सरळरेषा

उत्तम प्रतिसाद. यात शटर काउंटची, म्हणजे बॉडीने आजवर किती फोटो काढलेत त्या आकड्याची, भर घालतो. सुरुवातीच्या श्रेणीच्या बऱ्याच बॉडींचं शटर साधारण एक लाख फोटोंसाठी तपासलेलं असतं, वरच्या श्रेणीत दीड-दोन लाख. निकॉनच्या डी७२००चं दीड लाख, डी८५०चं दोन लाख. त्या आकड्याला शटर मोडतंच असं नाही, पण ऐंशी हजार झालेल्या बॉडीला दहा हजारवाल्या बॉडीची किंमत मोजू नका.

भिंगरी

तो आकडा बघायचा कुठे?

सरळरेषा

काही कंपन्या फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवतात, निकॉनच्या फाइलमध्ये मिळतो. एक्झिफटूल नावाचं मोफत साधन आहे, त्यात ताजा मूळ फोटो टाकला की दिसतं. ज्या कॅमेऱ्यांत ते लिहिलेलं नसतं तिथे विकणाऱ्याकडून सेवा केंद्राचा कागद मागा.

आकाशमोगरा

जुन्या लेन्स घेताना माउंट (लेन्स बॉडीला जोडायची खाच) आणि मोटर बघायला विसरू नका. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत लागते. डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीत ती नाही, त्यामुळे तिथे फोकस हातानेच करावा लागतो. एएफ-एस, म्हणजे मोटर आतच असलेली, घेतली तर प्रश्न नाही. कॅननचं ईएफ माउंट १९८७चं, आणि त्याच्या सगळ्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर आतच असते. २०१८ साली कॅननचं आरएफ आणि निकॉनचं झेड ही मिररलेस (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची) माउंट आली, तेव्हापासून पुष्कळ लोकांनी जुन्या लेन्स विकायला काढल्या. ॲडाप्टर लावून ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर छान चालतात. म्हणजे आज डीएसएलआरची चांगली लेन्स घेतली तरी उद्याचा रस्ता बंद होत नाही.

काळोखातला काजवा

+१. वाचनखूण साठवली.

मावळतीचं ऊन

मी या धाग्यावर सगळ्यात वयाने मोठा असेन, म्हणून थोडं वेगळं लिहितो.

तुम्ही सगळे पैशांचं बजेट मांडता आहात. वजनाचंही एक बजेट असतं. माझ्याकडे फुल फ्रेम होता, एफ/२.८ची ७०-२०० होती. नुसती लेन्सच दीड किलोच्या आसपास. पासष्टीनंतर उजव्या हाताला बारीक कंप सुरू झाला. पहिल्यांदा मी लेन्स बदलून बघितली, मग ट्रायपॉड, मग मोनोपॉड. शेवटी कळलं की कॅमेरा कपाटातच राहतोय. घराबाहेर पडताना तो उचलावासा वाटत नाही, हेच खरं कारण होतं. दोन वर्षं मी फोटोच काढले नाहीत. ती दोन वर्षं परत येणार नाहीत याचं आजही वाईट वाटतं, कारण त्यातच हिचं आजारपण झालं आणि त्या काळातला तिचा एकही नीट फोटो माझ्याकडे नाही.

मग सगळं विकून मायक्रो फोर थर्ड्सवर आलो. १७.३ × १३ मिमीचा सेन्सर, म्हणजे फुल फ्रेमच्या साधारण चौथा हिस्सा. पण खिशात मावणारी लेन्स आणि बॉडीतच कंप शोषणारी यंत्रणा. आता रोज बाहेर पडतो. हात थरथरला तरी पंचवीस मिमीला १/१०वर फोटो स्थिर येतो.

तुम्ही म्हाताऱ्या माणसांचे चेहरे लिहिलंत, ते वाचून थांबलो. त्या फोटोंना महाग काही लागत नाही. खिडकीशेजारी बसवा, उजेड एका गालावर येऊ द्या, आणि बोलत राहा. पण लवकर काढा. यादीत ते पाचवं आहे, ते पहिलं करा.

गवतफुला

मावळतीचं ऊन, काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यादीतला क्रम बदलला.

कीटकवेडी

किड्यांसाठी मॅक्रो (अगदी जवळून मोठं टिपणारी) लेन्स नको, निदान सुरुवातीला तरी. एक्सटेन्शन ट्यूब घ्या. आत भिंग वगैरे काही नसतं, नुसती पोकळ नळी, लेन्स बॉडीपासून दूर नेते म्हणून जवळचं फोकस होतं. ५० मिमी लेन्सला २५ मिमीची ट्यूब लावली की सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या किड्याच्या निम्म्याहून मोठी पडते. फक्त ज्यात विजेचे संपर्कबिंदू आहेत तीच ट्यूब घ्या, नाहीतर आजकालच्या बहुतेक लेन्सचं ॲपर्चर बदलता येत नाही.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. इतक्या जवळून एफ/८लाही फोकसची खोली एक-दोन मिलिमीटरच असते. मुंगीचा डोळा धरला तर पाय सुटतात. वाऱ्यात नाद सोडा, पहाटे जा. थंडीत किडे सुस्त असतात आणि पंखांवर दव असतं. चतुराच्या पंखांवरचे दवबिंदू मोजताना माझा एकेक तास जातो आणि तो तास मला कुणी परत मागितला तरी मी देणार नाही.

काळोखातला काजवा

मंडळी, माझा प्रश्न थोडा अवांतर आहे. आताच्या मोबाइलमध्ये पन्नास, शंभर, दोनशे मेगापिक्सेल असतात. मग २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन उपयोग काय?

मावळतीचं ऊन

१९९९ साली निकॉनचा डी१ आला तेव्हा तो २.७ मेगापिक्सेलचा होता आणि वृत्तछायाचित्रकार त्यावर काम करत होते. त्याच्या मागे, १९७५ साली, कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. तो ०.०१ मेगापिक्सेलचा, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. मेगापिक्सेलची भूक किती लवकर वाढते बघा.

तिपाई

आणि आजचा हिशोब असा. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० पिक्सेल. ३०० डीपीआयने छापलं तर २० × १३ इंच. ४के पडदा भरायला ८.३ मेगापिक्सेल पुरतात. मोबाइल अनेक फ्रेम एकत्र जोडून उजेडाची कमतरता भरून काढतो, निसर्गदृश्याला ते सुरेख जमतं. पण गिरकी घेणारी मुलगी प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असते, तिथे जोडाजोडीला मर्यादा येतात. प्रवासातल्या डोंगरांसाठी मात्र मोबाइल आणि किट लेन्स दोन्ही भरपूर आहेत. किट लेन्स एफ/८ला लावून बघा, लोक तिला उगाच हिणवतात.

धूळपाटी

तिपाई, तुम्ही अजून ट्रायपॉडबद्दल एक ओळ लिहिली नाहीत. हे नाव घेऊन हे शोभत नाही. :)

तिपाई

लिहितो, कारण कमी पैशांत काम भागवायच्या नादात मी खरंच चूक केली ती तिथेच. पहिला ट्रायपॉड हलका, स्वस्त. पहिल्याच वाऱ्यात त्याचा मधला खांब डोलायला लागला, तीस सेकंदांच्या सगळ्या फोटोंत तारे जोडीने आले. दुसऱ्याचं डोकं कॅमेरा लावला की हळूहळू खाली झुकायचं, मान टाकल्यासारखं. तिसऱ्याच्या पायाचा प्लास्टिकचा खटका थंडीत तुटला. चौथा घेतला तो आज नऊ वर्षं आहे. पहिल्या तिघांच्या पैशांत तो पहिल्याच दिवशी आला असता.

म्हणून माझा नियम: ज्या वस्तूत वीज नाही ती एकदाच आणि चांगली घ्या. जिच्यात वीज आहे ती वापरलेली, एक पिढी मागची चालेल.

गवतफुलांना मात्र ट्रायपॉडची घाई नाही. त्यांच्या पाचांतल्या एकालाही तो अडून बसलेला नाही.

सरळरेषा

एकूण पैशांचे शंभर भाग केले तर बॉडी पस्तीस, लेन्स पंचेचाळीस, उरलेले वीस बाकीच्यासाठी, असं वाटप कसं वाटतं? बाकीचं म्हणजे दुसरी बॅटरी, दोन कार्डं, पिशवी, आणि फोटोंची दुसरी प्रत ठेवायला डिस्क. डिस्क लोक विसरतात. २४ मेगापिक्सेलची रॉ (सेन्सरवरची कच्ची माहिती असलेली) फाइल पंचवीस-तीस एमबीची असते, वर्षभरात डोंगर होतो. रॉ फाइलवर काम करायला डार्कटेबल आणि रॉथेरपी मोफत आहेत, तो खर्च वाचतो.

धूळपाटी

त्या वीस भागांत एक घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापकही धरा. दमट हवेत लेन्स कपाटात आणि चामड्याच्या पाकिटात ठेवू नका. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिली की बुरशीची भीती नाही. माझ्यावर आलं ते कुणावर येऊ नये.

गवतफुला

मोजून झालं. दोन दिवस लागले आणि शेवटी डोळे चुरचुरायला लागले, पण अंजन, तुमचे खूप आभार.

दोन वर्षांत ११,४०० फोटो. त्यातले मंचावरचे ३,१००. ठेवण्यासारखे ४०. बाकीचे जवळजवळ सगळे एकाच कारणाने गेले, हालचाल. काळोखाने किंवा फोकसने फार थोडे गेलेत. घरातली माणसं ९००, त्यातले दोनशेच्या वर ठेवलेत, आणि जे गेले ते संध्याकाळी दिव्याखाली काढलेले. किडे ६०० आणि सगळ्यांत एकच तक्रार, फार लहान. डोंगर भरपूर, आणि त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. म्हणजे डोंगरांना नवीन काहीच लागत नाही!

पक्षी, १७०. दोन वर्षांत १७०, आणि तळ्यावर मी जवळपास दर आठवड्याला जाते. मग लक्षात आलं की तिथे मी कॅमेरा बाहेरच काढत नाही. दुर्बीण काढते. ८ × ४२ची दुर्बीण आहे, तिच्यातून तासभर बघत बसते. फोटो हवेत असं मला वाटत होतं, पण मला ते बघायचेच आहेत फक्त.

तर पाणी पक्ष्यांच्या फोटोंवर सोडते आहे.

अंजन

हे वाचून मनापासून आनंद झाला. मी पक्ष्यांचा वेडा असूनही सांगतो, दुर्बिणीतून पाहिलेला पक्षी पूर्ण पाहिलेला असतो. कॅमेऱ्यामागे असताना मी शटरच्या वेगाचा विचार करत असतो आणि पक्षी काय करत होता ते घरी येऊन बघतो. तळ्यावर काही वेगळं दिसलं तर इथे नक्की लिहा.

सरळरेषा

आकडे बघून मी माझा सल्ला मागे घेतो. तुमच्या तीन हजार फोटोंना फुल फ्रेम नकोय, उजेड खेचणारी लेन्स हवी आहे. फक्त बॉडी घेताना ऑटोफोकस बघाच.

तिपाई

५० की ८५? मंचापासून कुठे बसता त्यावर आहे. किट लेन्स ५० मिमीला आणून जिथून नेहमी काढता तिथून बघा. लेक उभ्या फ्रेममध्ये डोक्यापासून पायापर्यंत निम्म्याहून जास्त उंची व्यापत असेल तर ५० पुरे. नसेल तर ८५. पण एपीएस-सीवर ८५ ही छोट्या खोलीत चेहऱ्यांना अडचणीची, पाठ भिंतीला टेकते.

गवतफुला

तीन आठवड्यांनी येते आहे, उशीर झाला.

बॉडी वापरलेली घेतली. एपीएस-सी, दोन पिढ्या मागची, फोकससाठी नावाजलेली. शटर काउंट १४ हजार. धूळपाटीताईंच्या सांगण्यावरून टॉर्च घेऊन गेले होते, वीस मिनिटं घेतली, विकणारे काका स्वतःच कौतुकाने बघत बसले. ५० मिमी एफ/१.८ नवी घेतली. ८५ मिमी वापरलेली मिळाली, दिव्यावर धरून दोन्ही टोकांनी पाहिली, स्वच्छ. ट्यूब, दोन कार्डं, डिस्क, घट्ट झाकणाचा डबा. सगळं बजेटात बसलं आणि दुसऱ्या बॅटरीपुरते उरलेसुद्धा.

परवा रंगीत तालीम होती. दुसऱ्या रांगेत बाजूच्या खुर्चीवर बसले, ८५, एफ/२, १/५००, आयएसओ ३२००. तीच गिरकी. पन्नास-साठ काढले, त्यातला एक उघडून किती वेळ बघत बसले. वेणी हवेत सरळ आडवी, तिच्या टोकाचा गोंडा नेमका कानाच्या रेषेत, उजव्या हाताची पाचही बोटं वेगवेगळी, आणि कपाळावरून घामाचा थेंब सुटून हवेत आलेला. तो थेंब मला तालमीत दिसलाच नव्हता. लेकीला दाखवला तर म्हणाली, "माझी करंगळी वाकडी पडते, बाईंना दाखवू या."

आणि मावळतीचं ऊन काका, आजीला रविवारी खिडकीशी बसवलं. ५० मिमी, एफ/२.८. बोलत राहा म्हणालात तसं बोलत राहिले. ती तिच्या शाळेची गोष्ट सांगायला लागली आणि हात पुढे करून छडी कुठे बसायची ते दाखवलं. चेहऱ्याचा काढायला गेले होते, हातांचाच जास्त चांगला आला.

मावळतीचं ऊन

हातांचा फोटो छापून घ्या. मोठा. आणि आजींना त्यावर मागच्या बाजूला सही करायला सांगा.

काळोखातला काजवा

गवतफुला, आयएसओ ३२००ला दाणे दिसत नाहीत का?

गवतफुला

दिसतात, मागच्या काळ्या पडद्यावर थोडे. मी फोटो मोठा केला नाही तोवर लक्षातही आले नव्हते. काकांनी सांगितल्याप्रमाणे हातांचा फोटो छापायला दिलाय, त्यासोबत हाही, बुधवारी मिळतील, तेव्हा कागदावर कसे दिसतात ते इथे सांगते.